आप्पांची लघवी आणि पाकिटामागची बारीक अक्षरं

आमच्या बोक्याचं नाव आप्पा. पिल्लू असल्यापासून चेहरा असा, की पेन्शनच्या रांगेत उभा असलेला हेडक्लार्क. या नावापायी गेल्या डिसेंबरात घोळ झाला. सकाळी साहेबांना फोन केला, "आप्पांना रात्रीपासून लघवी होत नाहीये, दवाखान्यात घेऊन चाललोय, आज अंबडला कामावर यायला जमणार नाही." साहेब हळहळले. "वय काय वडिलांचं?" मी म्हटलं, "चार."

आदल्या दिवशी दुपारपासून तो सारखा त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये जात होता. बसायचा, कुंथायचा, वाळू उकरायचा, बाहेर यायचा आणि पाच मिनिटांत परत आत. आईचं निदान तयार होतं: पोट साफ होत नाहीये, चमचाभर तूप घाल. मलाही ते पटलं. बद्धकोष्ठ आणि लघवी अडकणं बाहेरून अगदी सारखं दिसतं, हे तेव्हा ठाऊक असतं तर ती रात्र वाया गेली नसती. दोनच्या सुमाराला तो मोरीत जाऊन बसला आणि जो आवाज काढला, तो मांजराचा वाटतच नव्हता. फरशीवर एकच थेंब होता, गुलाबी.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि लगेच आत घेतलं. मूत्राशय टम्म फुगून चेंडूसारखं घट्ट झालं होतं. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते; मांजरीची आखूड आणि रुंद, म्हणून हे तुंबणं बहुतेक बोक्यांच्याच वाट्याला येतं. लघवी अडली की मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदयच थांबू शकतं. 24 ते 48 तासांत जीव जाऊ शकतो. आम्ही त्यातले वीसेक तास तुपावर काढले होते. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाइन. त्या तीन दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही.

लघवीच्या तपासणीत स्ट्रुव्हाइटचे स्फटिक निघाले. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे. मी लगेच म्हटलं, "मग खाणं बदलतो." डॉक्टर म्हणाले, "बदला, पण कोणत्या खड्यासाठी ते समजून घेऊन." लघवी थोडी आम्ल आणि पातळ ठेवली की स्ट्रुव्हाइट विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे मात्र कुठल्याही खाण्याने विरघळत नाहीत, आणि लघवी फार आम्ल केली तर ते उलट वाढायची भीती. त्यामुळे शेजाऱ्यांच्या बोक्याला जे लागू पडलं ते आपल्याला पडेलच असं नाही.

कॉलेज रोडच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पुढ्यात पाकीट ठेवलं, समोर मोठ्या अक्षरात ‘युरिनरी केअर’. मी ते उलटं केलं. तोवर मांजराच्या खाण्याचं पाकीट मी मागून कधी वाचलंच नव्हतं. कोरड्या दाण्यांवर ओलावा जास्तीत जास्त 10 टक्के, शेजारच्या ओल्या पाऊचवर 80च्या पुढे. तिथेच मोबाइलवर हिशेब केला. आप्पा पाच किलोचा, डॉक्टरांनी सांगितलेलं माप किलोमागे साधारण 50 मिली, म्हणजे दिवसाला 250 मिली पाणी पोटात जायला हवं. साठ ग्रॅम दाण्यांतून मिळतं सहा मिली. एका 80 ग्रॅमच्या पाऊचमधून चौसष्टच्या आसपास. उरलेलं त्याने वाटीतून प्यावं, आणि मांजर मुळात वाळवंटाकडच्या रानमांजराच्या कुळातलं, तहान कमी, लघवी दाट. त्यात आमची डिसेंबरातली थंडी. तिकडे निफाडला पारा उतरला की इकडे आप्पा पाण्याच्या वाटीकडे बघायचासुद्धा नाही.

प्रोटीनच्या आकड्याने मला आधी फसवलं. दाण्यांत 30 टक्के, पाऊचमध्ये फक्त 8. एवढे पैसे देऊन पाणीच विकत घ्यायचं? मग पाणी वजा करून पाहिलं. दाण्यांत 90 भाग कोरड्यात 30, म्हणजे 33 टक्के. पाऊचमध्ये 20 भागांत 8, म्हणजे 40. शिवाय पाणीच तर विकत घ्यायचं होतं. ‘ॲश’ म्हणजे राख मिसळलेली नसते, ती खनिजांची एकूण गोळाबेरीज; नुसत्या त्या आकड्यावरून खड्यांचं फारसं काही ठरत नाही.

सुरुवातीला डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचंच खाणं दिलं. रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ, हिल्सचं सी/डी या जातीतलं हे खाणं. किंमत बघून घाम फुटतो. यातल्या काहींत मीठ मुद्दाम जास्त घातलेलं असतं, बोक्याने पाणी प्यावं म्हणून, त्यामुळे मूत्रपिंडं नि हृदय ठीक आहे ना हे आधी बघून घेतात. आणि हे खाणं दुसऱ्यात निम्मं-निम्मं मिसळून चालत नाही. मी कंजूषपणाने तोच बेत केला होता.

आप्पांनी पाऊच हुंगलं आणि त्यावर वाळू लोटल्यासारखा पंजा फिरवला. "भूक लागली की खाईल" हा घरातल्या पोरांना लावायचा नियम इथे चालत नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं. मग पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून कोमट करायचं, त्यात दोन चमचे पाणी, वर त्याच खाण्याचे दाणे चुरून भुरभुरवायचे, आणि पहिलं बोट त्याच्या नाकाला लावायचं. नाक चाटलं की चव कळते. आठव्या दिवशी त्याने वाटी स्वच्छ केली.

दुसऱ्या आठवड्यात आईच्या पदराला सुक्या बोंबलाचा वास आला. "एवढासा तुकडा दिला, बिचारा किती आजारी होता." त्या तुकड्यावरून घरात जे झालं ते इथे नको.

खाण्यावर सगळं अवलंबून नसतं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. पुष्कळ तरुण मांजरांत खडे नसतात की जंतू नसतात, नुसत्या ताणाने मूत्राशय सुजतं. दिवाळीचे फटाके, घरातलं रंगकाम, गॅलरीतून दिसणारा परका बोका, काहीही पुरतं. म्हणून दुसरा ट्रे आणला, पाण्याची वाटी जेवणापासून लांब ठेवली, दिवाळीत आतल्या खोलीत त्याची गादी टाकली.

आता ट्रेची जबाबदारी आईकडे आहे. वाळूत लघवीचे गोळे होतात, ते ती मोजते आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहिते. दुपारी मी मीटिंगमध्ये असलो तरी तिचा फोन येतो आणि स्पीकर चुकून चालू असला तर सगळ्या खोलीला ऐकू जातं, "आप्पांची झाली बरं का, चांगली मोठी."