पुण्याचं पान: सातारा-सांगलीच्या माणसांच्या नोंदी

मंडळी, स्मृतिदिनांच्या वहीतलं पुण्याचं पान या महिन्यात बऱ्यापैकी भरत आलंय. अट एवढीच: माणूस आपल्या सातारा-सांगलीकडचा, किंवा इथे काम उभं केलेला, आणि निधन पुण्यात. यावेळी एक रकाना वाढवला, अंत्यसंस्कार किंवा समाधी कुठे. त्याने वहीला खरी शिस्त आली. निधनाचं गाव आणि समाधीचं गाव एकच धरायची आपल्याकडे फार सवय, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांचंच घ्या. जन्म कुंभोजचा, काम साताऱ्याचं, समाधी साताऱ्यात रयतच्या आवारात. त्यामुळे ते इथेच गेले असं सहज वाटतं. पण ९ मे १९५९ ला त्यांचं निधन झालं ते पुण्यात. त्याच साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची नोंदही तशीच दोन गावांची: २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून, अंत्यसंस्कार साताऱ्यात. ही ओळ लिहिताना आजही हात जड होतो.

या पानावर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते फुले दांपत्यापाशी. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे अग्नीचं मडकं, हाती घेऊन सावित्रीबाई पुढे चालल्या. त्या काळात हे केवढं धाडस! पुढे १८९७ ची प्लेगची साथ आली. मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरच्या बाजूला दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथवर आणलं, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. मृत्यूच्या कारणाचा रकाना एरवी मी दोन शब्दांत उरकतो, इथे अख्खा परिच्छेद लिहिला. तो तसाच राहणार.

बाकीच्या नोंदी झटपट झाल्या. पठ्ठे बापूराव, रेठरे हरणाक्ष, १९४५. बालगंधर्व, नागठाणे, १५ जुलै १९६७. गदिमा, शेटफळे, १४ डिसेंबर १९७७. कुलकर्णीपण सोडून तमाशाच्या फडावर गेलेले बापूराव या ओळीत पहिले बसले याचा मला आनंद आहे.

नव्याने वही सुरू करणाऱ्यांनी एक करा. जन्मगावासमोर तेव्हाचा आणि आजचा, दोन्ही जिल्हे लिहा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जुन्या पुस्तकात यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात दिसतं ते त्यामुळे. शेटफळे तर त्याआधी औंध संस्थानात.

पुढचं पान दिल्लीचं. पहिली ओळ यशवंतराव चव्हाणांची: निधन २५ नोव्हेंबर १९८४, समाधी कराडला प्रीतिसंगमावर. मग काशी, तिथे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज. इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढलं, १८४७ मध्ये तिकडेच वारले. मुंबईचं पान सगळ्यात मोठं होणार. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, पद्माळ्याचे वसंतदादा ही नावं लिहून ठेवली आहेत. ते काम पावसाळ्यानंतर हाती घेतो.