जेट स्की नक्की किती पळते?

तारकर्लीला नाहीतर कलंगुटला जेट स्की बघितली की पहिला प्रश्न हाच, हिचा टॉप स्पीड किती? आणि सगळे लगेच हॉर्सपॉवर विचारतात. पण पाण्यात नुसत्या पॉवरने भागत नाही हो, स्पीड थोडा वाढवायचा तरी ताकद कितीतरी जास्त लागते, म्हणून सी-डू ब्रँडची ९० एचपीची स्पार्क ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जाते आणि ३०० एचपीची आरएक्सपी-एक्स १०८च्या आसपास, म्हणजे तिप्पट ताकद लावूनही दुप्पट स्पीड मिळत नाही. त्यात मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेच्या कोस्ट गार्डबरोबर ठरवून ताशी ६५ मैलांच्या (साधारण १०५ किलोमीटर) जवळपास लिमिट घातलंय, ते गाडीतला कॉम्प्युटरच सांभाळतो.

मला विचाराल तर खरी गंमत इंजिनात नाही, पाणी ओढून मागे फेकणाऱ्या पंपात आहे. पंपातला फिरणारा पंखा म्हणजे इम्पेलर आणि त्याभोवतीचं कडं म्हणजे वेअर रिंग, यांच्यात अर्धा मिलीमीटरसुद्धा फट नको असते. उथळ पाण्यात गाडी रेस केली की वाळू आत ओढली जाते, रिंगवर गोल गोल चरे पडतात आणि पाणी मागे फेकलं जायच्या ऐवजी त्या फटीतून परत निसटतं, मग इंजिन नुसतं बोंबलतं, आरपीएम चढतो, गाडी पुढे सरकत नाही. बीचवरच्या भाड्याच्या गाड्यांचं बऱ्याचदा हेच दुखणं असतं. रिंग बदलली की गेलेला स्पीड बऱ्यापैकी परत येतो.

बाकी मागे बसणाऱ्याचं वजन, लाटा, ट्रिम (गाडीचं नाक वर-खाली करायची सेटिंग) यानेही फरक पडतो. पण लाइफ जॅकेट आणि मनगटावरची किल स्विचची (पडलात तर इंजिन बंद करणारी) दोरी लावल्याशिवाय थ्रॉटल दाबूच नका, प्लीज.