आज्जी, आता तुम्ही मला शिकवा

कोल्हापुरातल्या एका ओपीडीत मी शुगर-बीपीच्या पेशंटना समजावून सांगायचं काम करते. आधी सगळ्यांना एकच पाठ म्हणून दाखवायचे, मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, चाला, गोळ्या चुकवू नका, झालं.

मग एक आज्जी आल्या. तीनदा इन्सुलिनचं पेन शिकवलं, दरवेळी "होय की बाळ, कळलं". शुगर काय खाली येईना. शेवटी म्हटलं आज्जी, आता तुम्ही मला शिकवा. त्यांनी सुई टोचली, बटण दाबलं आणि लगेच बाहेर, औषधाचा थेंब पोटावरच. बटण दाबून दहा आकडे मोजायचे असतात हे मी सांगितलेलं, पण ओरडून, आणि म्हातारपणी उंच पट्टीतला आवाजच आधी ऐकू यायचा कमी होतो. समोर बसून, खालच्या आवाजात, सावकाश सांगायला लागतं.

तरणी पोरं वेगळीच. गोकुळ शिरगावला शिफ्ट करणारा एक जण, बीपी 150/100, "मॅडम, मला काय होतच नाही". त्याला लकव्याची भीती घालून उपयोग नव्हता, त्या वयात ते सगळं लांबचं वाटतं. म्हटलं भावा, सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून घरी मोज आणि आकडे मला पाठव. घरी 135/85 च्या आत पाहिजे हेपण सांगितलं. चौथ्या दिवशी त्याचाच मेसेज, मॅडम, खरंच जास्त आहे ओ, कधी येऊ?

पण मला खरी काळजी वाटते ती पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायकांची. सासूबाईंच्या गोळ्या, तारखा, फाईल सगळं तोंडपाठ आणि स्वतःची शुगर शेवटची कधी बघितली ते आठवत नाही. उपाशीपोटीची शुगर दोनदा 126 किंवा वर आली की तो डायबेटिसच, तरी "जरा बॉर्डरला आहे" म्हणत वर्षं काढतात. त्यांना माहिती कमी नाही, त्यांच्यासाठी कुणी वेळच ठेवलेला नाही. म्हणून मी सासूबाईंच्या तारखेलाच सांगते, ताई तुम्हीपण उपाशी या, दोघींचं रक्त एकदमच घेऊ. तांबडा-पांढरा बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही, वाटी लहान घ्या म्हणते.

आणि त्या आज्जी आता आकडे मोजत नाहीत. बटण दाबून धरतात आणि सावकाश पाच वेळा "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणतात, मी घड्याळ लावून बघितलं, दहा सेकंद पुरे होतात.