रिटायर झालेलं नाक

आज एका रिटायर झालेल्या बॉम्बशोधक लॅब्राडोरसोबत दुपार घालवली. पथकातून सुटल्यापासून तो त्याच्या हँडलरच्याच घरी राहतो. तोंडावरचे केस पांढरे झालेत, मागचे पाय जरा ओढत चालतो. पण मी सोफ्यावर बॅग टेकवली मात्र, गडी उठला! चेन, कप्पे, शिवण, सगळं शिस्तीत हुंगून झालं आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता परत जाऊन आडवा झाला. पास झालो म्हणायचं.

स्फोटकाचा वास लागला की या कुत्र्यांनी भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गुपचूप खाली बसायचं. एक पंजा भलत्या जागी पडला तर संपलंच. आणि हे सगळं कशासाठी? एका चेंडूसाठी! त्याच्या लेखी ती नोकरी नव्हतीच, खेळ होता. धाकधूक सगळी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला.

हुंगणंही दमवतं, हे मला नवीन होतं. कुत्रा धापा टाकू लागला की तोंडाने श्वास घेतो, मग नाक नीट चालत नाही. म्हणून थोडा वेळ काम, मग विश्रांती.

साधारण ८-१० वर्षांचा झाला की निवृत्ती. पुढे सांध्यांच्या औषधपाण्याचा खर्च बऱ्याचदा घरी नेणाऱ्याच्याच खिशातून. हे काही मला पटत नाही. इतकी वर्षं राबवून घेतलंत, गोळ्यांचं तरी बघा की!

हँडलर अजूनही अधूनमधून घरात वास लावलेली चिंधी लपवतात. सापडली की साहेब बसतात, आणि चेंडू हातात दिसेपर्यंत जागचे हलत नाहीत.