आमची वाटचाल : घराचा खिसा आणि कंपनीचं खातं

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप वडील आणि काकांनी भागीदारीत सुरू केलं. कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयर पट्ट्यांचे रोलर आम्ही बनवतो. कोराडी, खापरखेड्याची वीज केंद्रं आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी जवळ, त्यामुळे या मालाला इकडे मागणी असते. त्या वर्षांतल्या कष्टांबद्दल वेगळं काही लिहीत नाही, ते इथल्या प्रत्येक कारखानदारानं उपसले आहेत. मला सांगायचं आहे ते भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाल्यानंतरचं.

२०१३ च्या कंपनी कायद्यात लहान कंपनीला वर्षातून दोन बोर्ड मीटिंग पुरतात. आम्ही दर तिमाहीला घ्यायचं ठरवलं. स्वतंत्र संचालकाचं बंधन सूचीबद्ध आणि मोठ्या पब्लिक कंपन्यांना आहे, आमच्यासारख्यांना नाही. तरी बँकेतून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांना आम्ही बोर्डावर घेतलं. काका म्हणाले, "आपल्याच घरात ठराव कायले लिहा लागते?" त्यांचा प्रश्न रास्तच होता.

वाडीचं गोदाम काकांच्या नावावर आहे. कंपनी त्याचं भाडं भरायची, तेही जुन्या दरानं. कागदावर नफा चांगला दिसे, पण त्यातला काही भाग खरं तर काकांनी सोडलेलं भाडं होता. मग हा विषय बोर्डात आला. खासगी कंपनीत हितसंबंध असलेला संचालक ते जाहीर करून चर्चेला बसू शकतो, एवढी मोकळीक कायदा देतो. आम्ही त्याहून कडक नियम केला : ज्याचा विषय, त्यानं बाहेर थांबायचं. शेजारच्या गोदामांचे दर काढून भाडं ठरलं. नफा घटला, पण तो खरा झाला.

यंत्रांच्या खरेदीतही हेच. मला नवं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, लगेच हवं होतं, आणि रोजच्या खेळत्या भांडवलासाठीच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यात मर्यादा शिल्लक होती. बोर्डावरच्या त्या बँकेच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "सीसीचा पैसा यंत्रात अडकला, तर पुढच्या महिन्याचे पाइप आणि बेअरिंग कशातून घेणार?" सरकारी गिऱ्हाइकाचं बिल कधी निघेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून मुदत कर्ज मंजूर होईपर्यंत थांबलो, आणि त्या वर्षी लाभांश न घेता आमचा हिस्सा कंपनीतच ठेवला. घरातल्या लग्नासाठी कंपनीतून उचल घ्यायची नाही, हेही तेव्हाच ठरलं. संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याच्या कलम १८५ चे निर्बंध आहेत, शिवाय मोठ्या भागधारकाला दिलेली अशी उचल प्राप्तिकरात लाभांश धरली जाऊ शकते.

सत्यम या आयटी कंपनीचं उदाहरण साहेब नेहमी देतात. डिसेंबर २००८ मध्ये प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या विकत घ्यायला त्या बोर्डानं मंजुरी दिली. बोर्डावर नामवंत स्वतंत्र संचालक होते. गुंतवणूकदार खवळले, व्यवहार लगेच रद्द झाला, तरी शेअर कोसळला. हिशेबातला घोटाळा ७ जानेवारी २००९ ला उघड झाला, म्हणजे बाजारानं किंमत आधीच कापली होती. नुसती माणसं बसवून भागत नाही, त्यांना विचारू द्यावं लागतं, असं मला त्यातून ठामपणे वाटतं.

आमच्याकडे किमतीचा प्रश्न आला तो चुलत बहिणीच्या रूपानं. तिला पुण्यात घर घ्यायचं होतं, म्हणून तिनं आपले शेअर विकायला काढले. असल्या वेळी नात्यांत गाठी पडतात. मूल्यांकन करणाऱ्यानं वहीखाती मागितली : भाडं बाजारभावानं, आमचे पगार ठरावानं ठरलेले, घरखर्च कंपनीत नाही. त्यामुळे नफ्यात काही वाढवा-घटवायला उरलं नाही. आकडा आला, बहिणीनं तो तिच्या सीएला दाखवला आणि मान्य केला. पैसे हप्त्यांनी द्यायचं ठरलं. त्या बैठकीत काका आपणहून उठून बाहेर गेले, कारण विकणारी त्यांची लेक होती.