‘हेही वाचा’ जोडताना

बडोद्याच्या इतिहासावरचे आमचे १४० लेख ह्यूगो या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या साइटवर आहेत. डेटाबेस नाही, पानं आधीच तयार होतात आणि तशीच सर्व्हरवर चढतात. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यावरचा लेख वाचणाऱ्याला १९१० साली अमेरिकेहून बोलावलेले ग्रंथपाल बॉर्डन यांच्या ग्रंथालय चळवळीच्या लेखापर्यंत जायला वाटच नव्हती. शाळेत शिकलेल्यांना पुढे वाचायला पुस्तकं हवीत म्हणून तर ती चळवळ उभी राहिली! ही दोन पानं तुटलेली बघून मला चैन पडेना.

लेखाखाली ‘हेही वाचा’ म्हणून दाखवायला संबंधित लेख शोधायची सोय ह्यूगोत २०१७ पासून आहे. पण मूळ सेटिंगमध्ये ते कीवर्डला टॅगपेक्षा जास्त वजन देतं, आणि आम्ही लावत आलो फक्त टॅग, म्हणजे लेखाच्या विषयांची लेबलं. पहिला प्रयत्न वाया गेला. टॅगला जास्त वजन दिलं, तरी जुन्या लेखांखाली नवे लेख येईनात. नव्या तारखेचे लेख वगळायचे, हेही मूळ सेटिंगच. ते बदलायचं असतं हे कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली. मग ‘बडोदे’ हा टॅग जवळजवळ सगळीकडे असल्याने सगळंच सगळ्यांचं नातेवाईक ठरलं. फार पसरलेले शब्द गाळायची मर्यादा घातली तेव्हा यादीत जरा अर्थ आला.

खरी गाठ मात्र शब्दांत होती. कुठे ‘ग्रंथालय’, कुठे ‘ग्रंथालये’, कुठे ‘वाचनालय’. ‘शेतकऱ्यांची कर्जे’ हा टॅग दोन लेखांत डोळ्यांना हुबेहूब सारखा, पण जुळेना. एकात ऱ हे अक्षर होतं, दुसऱ्यात साधा र आणि त्याला न दिसणारा जोडक.

दांडिया बाजारात माझी आत्या राहते. तिचा सगळा जन्म ग्रंथालयात तालिकेची कार्डं लिहिण्यात गेला. तिला यादी दाखवली.

“अरे, तुम्ही ‘पाहा’ची कार्डं केलीच नाहीत,” ती म्हणाली. “‘वाचनालय’ उघडलं की तिथे लिहिलेलं हवं, ‘ग्रंथालय पाहा’. एका गोष्टीला एकच नाव ठरवायचं. ‘हेही पाहा’ त्याच्यानंतर.”

तिच्या म्हणण्याप्रमाणे एक फाइल केली: डावीकडे लोक लिहितात ते शब्द, उजवीकडे ठरलेलं नाव. छोटी स्क्रिप्ट साइट बांधण्याआधी सगळे टॅग त्यावरून सारखे करते, ऱ सुद्धा. ३१२ टॅगांचे १८७ उरले, आणि सक्तीच्या शिक्षणाखाली पहिलं नाव ग्रंथालयांचं आलं.

आत्याचं तेवढ्यावर समाधान होईना. म्हणून प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ‘हेही पाहा’ अशी हाताने भरायची जागा ठेवली. टेम्प्लेट आधी ती नावं घेतं, चार भरेपर्यंत बाकीची ह्यूगोने शोधलेली, दुबार आलेली काढून. हाताने लिहिलेला पत्ता चुकला तर साइट बांधणंच थांबतं. ही सक्ती मी मुद्दाम ठेवली.

आत्या वहीत नावं लिहून देते, मी चढवतो. ६१ लेख झालेत. काल दादासाहेब फाळक्यांच्या लेखासाठी तिने कलाभवन आणि राजा रविवर्मा लिहिले. फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे आमच्या टॅगांत होतं. पुढे ते रविवर्म्यांच्या छापखान्यात काम करत होते, हे कुठल्याच टॅगात नव्हतं.