४३१००१ : दोन वर्गांची बेरीज, तीही दोन प्रकारे

छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४३१००१ आहे. शहराचे नाव बदलले, आकडा तोच राहिला. पत्त्याखाली लिहिण्यापलीकडे त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. परंतु निव्वळ एक पूर्ण संख्या म्हणून पाहिल्यास मराठवाड्याच्या पिनकोडांमध्ये तिचे रूप मला फार देखणे वाटते.

तिच्या अंकांची बेरीज ९ येते, म्हणून तिला ९ ने भाग जातो. भागाकार ४७८८९ येतो, त्यालाही पुन्हा ९ ने भाग जातो आणि उरलेली ५३२१ ही संख्या १७ व ३१३ या मूळ संख्यांचा गुणाकार निघते. अर्थात, ४३१००१ = ३⁴ × १७ × ३१३. एकूण विभाजक वीस. त्यात नवल नाही.

नवल आहे ते १७ आणि ३१३ यांच्यात. दोघींना ४ ने भागल्यास बाकी १ उरते, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येते, हे गणितज्ञ फर्माने सतराव्या शतकात सांगितले आणि गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केले. १७ = ४² + १² आणि ३१३ = १३² + १२². (३१३ उलट वाचली तरी तीच राहते, आणि फक्त ० व १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत १००१११००१ अशी लिहिली तरीही.) अशा दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, हे दाखवणारे सूत्र आज ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखले जाते. ते सूत्र चिन्हे बदलून दोनदा वापरले की ५३२१ = ६४² + ३५² = ६१² + ४०² मिळते. ८१ हा स्वतःच ९ चा वर्ग असल्याने चारही पाये नऊपट करायचे, की झाले:

४३१००१ = ५७६² + ३१५² = ५४९² + ३६०²

ज्यांना शंका असेल त्यांनी ३३१७७६ + ९९२२५ आणि ३०१४०१ + १२९६०० या बेरजा करून पाहाव्यात. तिसरा प्रकार मात्र शोधू नये, तो नाहीच.

हे भाग्य शेजाऱ्यांना लाभलेले नाही. कोणत्याही वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ० किंवा १ उरते, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच येत नाही. जालन्याचा ४३१२०३ तिथेच बाद होतो. शिवाय दोन वर्गांची बेरीज व्हायची तर ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारी मूळ संख्या (जसे ३ किंवा ११) अवयवांत आलीच तर सम वेळा, म्हणजे दोनदा, चारदा अशीच यावी लागते. संभाजीनगरच्या पिनकोडात ३ चार वेळा येतो. नांदेडच्या ४३१६०१ मध्ये तो एकदाच येतो, म्हणून तोही गेला. लातूरच्या ४१३५१२ ला आडवा येतो ११. धाराशिवचा ४१३५०१ त्याच्याहून बरोबर ११ ने लहान, त्यामुळे एकाला ११ ने भाग गेला की दुसऱ्यालाही जाणारच. भागाकार अनुक्रमे ३७५९२ आणि ३७५९१ येतात, त्यांपैकी एकालाही पुन्हा ११ ने भाग जात नाही, आणि १९८२ मध्ये वेगळे झालेले हे दोन जिल्हे एकाच कारणाने बाद होतात.